अडगळीतली अकरा गाणी : ‘द हू’चा ‘ऑड्स अँड सॉड्स’

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत असते. इथे ती पाळलेली नाही, कारण यातली सगळी माणसं जाहीर आयुष्य जगलेली आहेत आणि घडलेलं सगळं तबकडीवर छापून बाजारात आलेलं आहे. प्रश्न साधा आहे. दहा वर्षं चाललेल्या एका बँडकडे न छापलेल्या गाण्यांच्या टेपा साठल्या आहेत. त्यातली काही चोरट्या मार्गानं बाहेर पडताहेत. आता त्या टेपांचं करायचं काय? आणि ते ठरवायचं कोणी?

‘ऑड्स अँड सॉड्स’ या नावाला मराठीत नेमका शब्द आहे : उरलंसुरलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये निघालेला हा संग्रह ऐकताना मला दर वेळी वाटतं की नाव जरा जास्तच नम्र ठेवलंय. यातली दोन-तीन गाणी ‘द हू’च्या सर्वोत्तम कामात मोडतात. ती मागे का राहिली आणि पुढे आली तेव्हा कशी आली, हे तपासण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

लंडनचा हा चौघांचा बँड. गिटार आणि बहुतेक गीतलेखन पीट टाउनशेंडचं, गायक रॉजर डाल्ट्री, बेसवर जॉन एंटविसल, ड्रम्सवर कीथ मून. १९६९ मध्ये ‘टॉमी’ हा एक सलग कथा सांगणारा अल्बम आला आणि हे चौघे जगभर पोचले. मे १९७० मध्ये ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’, ऑगस्ट १९७१ मध्ये ‘हूज नेक्स्ट’, ऑक्टोबर १९७३ मध्ये ‘क्वाड्रोफेनिया’. बाहेरून पाहणाऱ्याला ही ओळीनं चढत गेलेली पायरी दिसते. आत मात्र दोन मोठ्या कामांच्या मध्ये एक-दोन कोसळलेली कामं पडलेली होती.

सगळ्यात मोठी पडझड ‘लाइफहाउस’ची. ‘टॉमी’नंतर टाउनशेंडनं एक भविष्यकथा रचायला घेतली. प्रदूषणानं राहण्याजोगं न उरलेलं जग, यंत्रांना जोडून घरात बंद झालेली माणसं, आणि संगीतासाठी एकत्र येणारे काही बंडखोर. चित्रपट, प्रत्यक्ष प्रयोग आणि अल्बम असं सगळं एकाच वेळी व्हायचं होतं. त्याच्या जवळच्या माणसांनाही ते कळेना. १९७१ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि टाउनशेंड मानसिकदृष्ट्या कोलमडला. मग ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सबरोबर लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत नव्यानं काम झालं, कथा बाजूला ठेवून गाणी निवडली गेली आणि एकच तबकडी निघाली : ‘हूज नेक्स्ट’. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा हा एकमेव अल्बम. पण त्या निवडीत बाहेर राहिलेली गाणी टेपेवर तशीच राहिली.

इथे आपल्या मातीशी एक खरा धागा आहे आणि तो गाण्यांच्या आत गेलेला आहे. टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी होता. बाबा जन्मानं पुण्याचे, त्यांची समाधी नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला. ‘टॉमी’च्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून बाबांचं नाव आहे. ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातला बाबा तेच. ‘लाइफहाउस’च्या गाभ्यातली कल्पना, की विश्वाच्या मुळाशी एकच सूर आहे आणि प्रत्येक माणूस त्यातलाच एक स्वर आहे, ही मेहेरबाबांच्या आणि बडोद्यात जन्मलेल्या सूफी गायक-विचारवंत इनायत खान यांच्या शिकवणीतून आलेली. ती कल्पना ज्या गाण्यात सरळ सांगितली आहे ते ‘प्युअर अँड ईझी’. नेमकं तेच ‘हूज नेक्स्ट’मधून वगळलं गेलं.

अडचण

१९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बॉब डिलनच्या न छापलेल्या गाण्यांची एक चोरटी तबकडी विकली गेली. पांढऱ्या कोऱ्या पाकिटातली ‘ग्रेट व्हाइट वंडर’. तिथून रॉक संगीतातल्या बूटलेगांचा, म्हणजे अशा चोरट्या तबकड्यांचा, धंदा उभा राहिला. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र स्वामित्वहक्क मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तोही त्या तारखेनंतरच्या मुद्रणांना. म्हणजे आधीच्या टेपांसाठी त्या कायद्याचा आडोसाच नव्हता.

‘द हू’ला हे सगळं चांगलं ठाऊक होतं. ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’चं वेष्टन त्यांनी मुद्दाम बूटलेगसारखं केलं होतं : तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर रबरी शिक्क्यानं मारल्यासारखं नाव. पण वेष्टनाची नक्कल केली म्हणून कपाटातल्या टेपा बाहेर जायच्या थांबत नाहीत. १९७४ पर्यंत त्यांच्या न छापलेल्या गाण्यांच्या चोरट्या प्रती हिंडू लागल्या होत्या, आणि त्याही वाईट आवाजात. रसिक पैसे मोजत होते, बँडला काही मिळत नव्हतं. माझ्या मते पैशाहून मोठं नुकसान वेगळंच होतं. गाण्याची पहिली ओळख कळकट, तिसऱ्या पिढीच्या प्रतीतून होत होती.

त्यात वेळही चमत्कारिक. एप्रिल १९७४ मध्ये दिग्दर्शक केन रसेलनं ‘टॉमी’वरच्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. डाल्ट्री नायक, मून अंकल अर्नीच्या भूमिकेत, टाउनशेंडच्या डोक्यावर चित्रपटाचं सगळं संगीत. व्यवस्थापक किट लॅम्बर्ट आणि ख्रिस स्टॅम्प यांच्याशी संबंध बिघडलेले. नवा अल्बम त्या वर्षी होणं शक्यच नव्हतं. मोकळा होता तो एंटविसल.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तो दिसतो तितका वेडगळ नाही. वगळलेली गाणी वगळण्यामागे काही कारण असतं, आणि कलावंताला आपलं अपुरं काम झाकून ठेवायचा हक्क आहे. पण हा हक्क बूटलेगवाल्यांनी आधीच हिरावून घेतला होता. गाणी झाकलेली राहणार नव्हतीच, त्यामुळे ती कुणाच्या हातून बाहेर पडणार एवढंच ठरायचं बाकी होतं.

दुसरा, गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहात दोन-चार न ऐकलेली गाणी घालून विकायचा. धंद्याला सोपा. पण १९७१ मध्येच ‘मीटी बीटी बिग अँड बाउन्सी’ हा एकल गाण्यांचा, म्हणजे सुट्या छोट्या तबकडीवर (सिंगल) निघालेल्या गाण्यांचा, संग्रह येऊन गेला होता. रसिकांना तीच गाणी पुन्हा विकत घ्यायला लावणं झालं असतं.

तिसरा, ‘लाइफहाउस’ पूर्ण करायचा. मला सगळ्यात जास्त चुटपुट याची लागते. ‘प्युअर अँड ईझी’, ‘टू मच ऑफ एनीथिंग’, ‘पुट द मनी डाउन’ ही तीन गाणी त्याच प्रकल्पातली. ती एका बाजूवर सलग लावली असती तर ‘हूज नेक्स्ट’ची हरवलेली अर्धी बाजू लोकांना मिळाली असती. अडचण अशी, की यासाठी टाउनशेंड हवा होता. ज्या कामानं त्याला मोडून टाकलं होतं त्याकडे चित्रपटाच्या धबडग्यात परत वळ असं त्याला कोण सांगणार?

चौथा पर्याय निवडला गेला : एंटविसलनं टेपा चाळाव्यात, जे उभं राहू शकेल ते निवडावं आणि एक स्वतंत्र तबकडी बांधावी.

हा निर्णय बिनमहत्त्वाचा वाटतो, कारण तो ‘रिकामा कोण आहे’ या प्रश्नातून निघाला. पण तो नशिबानं योग्य ठरला. टाउनशेंडनं निवड केली असती तर प्रत्येक टेपेबरोबर ती का फसली याची आठवण जागी झाली असती. डाल्ट्रीनं केली असती तर गायनाच्या बाजूनं झाली असती. एंटविसल हा वादकाच्या कानानं ऐकणारा, स्वतः गाणी लिहिणारा, एव्हाना स्वतःचे तीन अल्बम काढलेला माणूस. तिसऱ्याच्या निर्मितीत जॉन अल्कॉक त्याच्याबरोबर होता, आणि या कामालाही त्यानं अल्कॉकलाच घेतलं. बँडच्या आतला, तरी बहुतेक गाण्यांचा लेखक नसलेला. जवळीक आणि अंतर यांचं हे प्रमाण अशा कामाला फार उपयोगी पडतं.

काय केलं

एंटविसलच्या डोक्यातली चौकट मला या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. बूटलेगवाला हाताला लागेल ते एकामागून एक लावतो. एंटविसलनं स्वतःला विचारलं, की आपण वेगळी गाणी छापली असती तर आपली कारकीर्द कशी दिसली असती? म्हणजे समांतर कारकीर्द : त्यातलं पहिलं एकल गाणं, त्यातली अल्बममधली गाणी, त्यातलं शेवटचं धडाक्याचं गाणं.

म्हणून ‘आय अ‍ॅम द फेस’ आत आलं. ३ जुलै १९६४ ला हे गाणं निघालं तेव्हा बँडचं नाव ‘द हाय नंबर्स’ होतं. शब्द त्यांचा तेव्हाचा प्रसिद्धीप्रमुख पीट मेडनचे, चाल सरळसरळ अमेरिकी ब्लूज गायक स्लिम हार्पोच्या गाण्याची. हे न छापलेलं नव्हे, छापलेलं पण कुणी न घेतलेलं. काटेकोर बोलायचं तर ते या संग्रहात बसत नाही. पण चौकट समांतर कारकिर्दीची असेल तर सुरुवातीचं पाऊल दाखवायलाच हवं, आणि दहा वर्षांनी ते दुर्मीळही झालं होतं.

१९६८ मधली तीन गाणी घेतली. ‘लिटल बिली’ अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी लिहिलेलं, धूम्रपानाविरुद्धचं : शाळेतल्या सिगरेटी ओढणाऱ्या पोरांनी चिडवलेला जाडा मुलगा मोठेपणी त्यांच्यामागे उरतो. ‘फेथ इन समथिंग बिगर’ हे टाउनशेंडच्या श्रद्धेकडे वळण्याच्या सुरुवातीचं, थोडं बाळबोध, पण प्रामाणिक. आणि ‘ग्लो गर्ल’. कोसळणारं विमान, त्यातली एक मुलगी, तिच्या पर्समधल्या वस्तू, आणि मग पुनर्जन्म. शेवटी मिसेस वॉकरला मुलगी झाल्याची वर्दी येते. वर्षभरानं ‘टॉमी’ सुरू होतो तेव्हा तीच वर्दी मुलगा झाल्याची आहे. ‘टॉमी’ कुठून उगवला हे एरवी मुलाखतींतून कळलं असतं. इथे ते कानांनी कळतं. एका गाण्यासाठी सगळा संग्रह घ्यावा असं कुणी म्हटलं तर मी या गाण्याकडे बोट दाखवीन.

१९७० मधली ‘पोस्टकार्ड’ आणि ‘नाऊ आय अ‍ॅम अ फार्मर’ ही टाउनशेंडच्या घरच्या स्टुडिओत, एका न निघालेल्या छोट्या तबकडीसाठी झालेली. ‘नेकेड आय’ स्टेजवर वाढलेलं गाणं. १४ फेब्रुवारी १९७० च्या लीड्सच्या कार्यक्रमात ‘माय जनरेशन’च्या लांबलेल्या वादनात त्याची चाहूल लागते. शेवटाला १९७२ मधलं ‘लाँग लिव्ह रॉक’.

आता दोन निर्णय, ज्यांवर थांबायला हवं.

पहिला क्रमाचा. तबकडी सुरू होते ‘पोस्टकार्ड’नं, आणि ते एंटविसलचंच गाणं. दौऱ्यावरच्या आयुष्याचं, खेळकर. निवड करणाऱ्यानं स्वतःचं गाणं दारातच ठेवावं का? माझं मत असं की इथे ते चालून गेलं. बँडच्या अल्बमांवर एंटविसलला एक-दोन जागाच मिळायच्या, आणि समांतर कारकीर्द सांगायची तर त्यात त्याची जागा थोडी मोठी असणं न्यायाचंच होतं. तरी पहिलं गाणं म्हणून ते ताकदीचं नाही. दुसऱ्या बाजूची सुरुवात ‘प्युअर अँड ईझी’नं होते. ते पहिल्या बाजूला पहिलं असतं तर ‘उरलंसुरलं’ या नावाचा अर्थच ऐकणाऱ्याच्या मनात पालटला असता.

दुसरा निर्णय जुन्या टेपांवर नवं काम करण्याचा. ‘पुट द मनी डाउन’चं वादन १९७२ मधलं, त्यावर डाल्ट्रीचा आवाज चढवला १९७४ मध्ये. दोन वर्षांत आवाज बदलतो, गाण्याकडे पाहण्याची नजरही बदलते. अपुरी टेप तशीच द्यायची की पुरी करून? पुरी केली तर ऐकायला बरी, पण दस्तऐवज म्हणून तिची किंमत उतरते. एंटविसलनं ऐकणाऱ्याची बाजू घेतली. १९७४ च्या बाजारात, बूटलेगांना उत्तर द्यायचं असताना, ते समजण्यासारखं आहे.

याची भरपाई टाउनशेंडच्या टिपणांनी झाली. त्यानं प्रत्येक गाण्यावर मोकळेपणानं लिहिलं : कधीचं, कशासाठी, का राहिलं. बूटलेगवाल्याकडे सगळं असू शकतं, हे नसतं. मुखपृष्ठासाठी चौघांनी अमेरिकन फुटबॉलची शिरस्त्राणं घातली, प्रत्येकावर एक अक्षर, मिळून ‘रॉक’. छायाचित्र ग्रॅहम ह्यूजचं.

निष्पत्ती

इंग्लंडमध्ये संग्रह दहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत पंधराव्या. नवं काही नसलेल्या वर्षात, अडगळीतल्या अकरा गाण्यांसाठी हे चांगलंच म्हणायचं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ‘टॉमी’ चित्रपट आला, ऑक्टोबरमध्ये ‘द हू बाय नंबर्स’. मधली फट भरून निघाली होती.

बूटलेग थांबले नाहीत, आणि एका तबकडीनं ते थांबतील असं मानणंही भाबडेपणाचं होतं. गाण्यांना मात्र घर मिळालं. ‘लाँग लिव्ह रॉक’ १९७९ मध्ये बँडवरच्या ‘द किड्स आर ऑलराइट’ या माहितीपटाच्या निमित्तानं एकल तबकडी म्हणून निघालं.

या यशाची किंमत शेजारच्या दोन उदाहरणांवरून कळते. १९७५ च्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये रोलिंग स्टोन्सची उरलेली गाणी आली, पण ती काढली त्यांचा जुना व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइनच्या कंपनीनं. बेसवादक बिल वायमननं स्वतः एक निवड तयार केली होती, ती वापरली गेली नाही. तिथेही टेपा चाळणारा बेसवादकच होता. फरक एवढाच, की शेवटचा शब्द त्याचा नव्हता. १९८२ चा लेड झेपेलिनचा ‘कोडा’ ड्रमवादक जॉन बॉनमच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आला. त्यातलं पहिलं गाणं ‘वी आर गॉना ग्रूव्ह’ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या जानेवारी १९७० च्या कार्यक्रमातलं, पण वेष्टनावर ते स्टुडिओतलं म्हणून छापलं. टेपांवर नंतर हात फिरवणं एक, आणि ती कुठली हेच चुकीचं सांगणं वेगळं. टाउनशेंडच्या त्या मोकळ्या टिपणांचं मोल इथे उमगतं.

१९९८ मध्ये ‘ऑड्स अँड सॉड्स’ नव्यानं आला तो २३ गाण्यांचा, बदललेल्या क्रमात. माहिती वाढली. पण एंटविसलनं बांधलेली चाळीसएक मिनिटांची ती कल्पित कारकीर्द त्यात विरघळली. सीडीवर जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही. जुना क्रम आधी ठेवून मग बाकीची गाणी जोडता आली असती.

वेगळं काय करता आलं असतं

नव्यानं चढवलेल्या आवाजांची नोंद वेष्टनावर गाण्यागणिक करता आली असती. दोन ओळींचं काम होतं.

‘लाइफहाउस’ची गाणी विखुरलेली राहिली, याबद्दल मी एंटविसलला दोष देत नाही. त्याच्या हातात टेपा होत्या, कथा नव्हती. तरी पहिल्या बाजूला ‘पुट द मनी डाउन’ तिसरं, ‘टू मच ऑफ एनीथिंग’ पाचवं आणि मध्ये सिगरेटींवरचं ‘लिटल बिली’, ही मांडणी टाळता येण्याजोगी होती. तीन गाणी सलग आणि टिपणात एक परिच्छेद, एवढ्यानं ऐकणाऱ्याला दिसलं असतं की इथे काहीतरी मोठं मोडून पडलेलं आहे. टाउनशेंड स्वतः त्या कथेकडे परत परत गेला. १९९९ मध्ये बीबीसीवर तिचं नभोनाट्य झालं, २००० मध्ये सहा सीडींचा संच निघाला, २०२३ मध्ये ‘हूज नेक्स्ट’सह आणखी मोठा. अर्ध्या शतकाचा हा पाठपुरावा पाहिला की १९७४ मधली ती एक बाजू फारच स्वस्तात मिळाली असती असं वाटतं.

‘प्युअर अँड ईझी’चं तर विशेषच. टाउनशेंडनं स्वतःच्या आवाजातलं त्याचं रूप १९७२ मध्ये ‘हू केम फर्स्ट’वर दिलं होतं, त्या मेहेरबाबांना वाहिलेल्या गाण्यांच्या सोबतीला. चौघांनी मिळून वाजवलेलं रूप मात्र याच संग्रहात पहिल्यांदा उजेडात आलं. ‘हूज नेक्स्ट’मधलं ‘द साँग इज ओव्हर’ संपत येतं तेव्हा मागून एक दुसरीच ओळ ऐकू येऊ लागते, एका सुराबद्दलची. १९७१ मध्ये ती ऐकणाऱ्यांना ती कुठून आली हे कळायची सोय नव्हती. ती ‘प्युअर अँड ईझी’ची पहिली ओळ आहे. आजही ‘हूज नेक्स्ट’ लावला की मी ते गाणं संपल्यावर सुई उचलतो आणि ‘ऑड्स अँड सॉड्स’ची दुसरी बाजू लावतो.